जिल्ह्याचा अध्यक्ष आपण निवडतो का भाऊ?

खान्देशात कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बसस्टँडसमोर एखादं तरी "भावी आमदार"चं बॅनर लटकलेलं असतंच, आणि झेडपीच्या निवडणुकीची नुसती कुणकुण जरी लागली तरी त्याच्या बाजूला "भावी जि. प. अध्यक्ष" उगवतात. आमदाराचं एकवेळ समजतं, त्याला लोक मतं देतात. पण अध्यक्षाचं बॅनर एस्टीतून उतरणाऱ्या माणसाला दाखवून काय फायदा, त्याच्या हातात ते नाहीच ना! जिल्हा परिषदेचा अध्यक्ष तुम्ही-आम्ही निवडतच नाही. आपण आपल्या गटाचा, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघाचा, एक सदस्य निवडतो, आणि मग ते सगळे सदस्य एका दुपारी जळगावला झेडपीच्या सभागृहात बसतात, हात वर करतात आणि अध्यक्ष ठरतो. २०१७ ला आमच्या जळगाव जिल्ह्यात ६७ गट होते, म्हणजे ३४ हात वर झाले की काम झालं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर आहे. त्यातून जळगाव, भुसावळ, अमळनेर असली शहरं तर झेडपीला मत देतच नाहीत, त्यांची महापालिका-नगरपालिका वेगळी. म्हणजे जिल्ह्याचा अध्यक्ष म्हणायचं आणि जिल्ह्यातल्या निम्म्या-अर्ध्या लोकांना त्याचं नावही माहीत नसतं.

हे सगळं डोक्यात आलं ते चुलत भावाच्या फोनमुळे. तो ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, बरीच वर्षं झाली, आता तिथला नागरिक झालाय, मत पण देतो. त्यांच्याकडे टेक्सासात काउंटी जजची निवडणूक असते (काउंटी म्हणजे तिथला जिल्हाच), त्याचं तो सांगत होता. नावात जज असलं तरी त्याच्यासारख्या मोठ्या काउंटीत त्या माणसाचं काम कोर्टाचं नसतंच, काउंटीचं बजेट, टॅक्सचा दर, रस्ते, आणि वादळ-पूर आला की आपत्ती व्यवस्थापनाचा मुख्य तोच. त्याच्यासोबत चार कमिशनर, असे पाच जण मिळून काउंटी चालवतात, आणि जजला सगळ्या काउंटीतले लोक थेट मत देऊन निवडतात, चार वर्षांसाठी. टेक्सासात अशा २५४ काउंट्या आहेत. काही तर इतक्या छोट्या की आमच्या एका गटात दहा-बारा बसतील, पण भावाची हॅरिस काउंटी म्हणजे २०२० च्या त्यांच्या जनगणनेत ४७ लाखांची. म्हणजे आपला जळगाव जिल्हाच की जवळपास. तिथे २०१८ ला लीना हिडाल्गो नावाची २७ वर्षांची पोरगी उभी राहिली, जन्म कोलंबियातला, आधी कुठलीच निवडणूक जिंकलेली नाही, आणि २००७ पासून खुर्चीवर बसलेल्या एड एमेटना तिने पाडलं. २०२२ ला परत निवडून आली. शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत त्याच २०१८ ला आपल्या केरळातून गेलेले के. पी. जॉर्ज काउंटी जज झाले. भाऊ हे सगळं असं सांगत होता जसं काय त्यानेच त्यांना निवडून आणलं, पण ठीक आहे, मत दिलंय तर बोलायचा हक्क आहे त्याला (जॉर्जना नव्हतं दिलं, ती त्याची काउंटी नाही, पण कौतुक आपलं आहेच).

मग तो म्हणाला, "आपल्या वहिनी पण उभ्या राहिल्या होत्या ना रे अध्यक्षपदाला?"

म्हटलं भाऊ, अध्यक्षपदाला कोणी उभं राहूच शकत नाही. वहिनी गटाला उभ्या होत्या.

आता वहिनींचं सांगतो. आमचं गाव अमळनेर-पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं, कापूस आणि दादर ज्वारी, विहिरीला पाणी असलं तर गहू-हरभरा. वहिनी आधी एकदा सरपंच होत्या, बचत गटाचं काम चांगलं होतं, आजूबाजूच्या गावातल्या बायका नावानिशी ओळखायच्या. २०१७ ला आमचा गट सर्वसाधारण महिलेला सुटला. आरक्षणाची सोडत निघाली त्या रात्रीच घरात दहा-पंधरा माणसं जमली, चहाचं पातेलं उतरेना, आणि त्यातल्या प्रत्येकाने आमच्या दादाला सांगितलं की आता थांबायचं नाही. दादाला, वहिनींना नाही. त्या आत पीठ मळत होत्या. नंतर बाहेर येऊन त्यांनी एकच विचारलं, "उभं कोणाला ऱ्हायचंय, मला का यांना?"

आठ दिवसांत पहिलं बॅनर लागलं. वर डावीकडे नेत्यांचे गोल-गोल फोटो, पासपोर्ट साइजचे, मोजले तर डझनभर निघतील, मधे दादा हात जोडून, कमरेपर्यंत, पांढरा शर्ट, आणि उजवीकडे खाली वहिनी, डोक्यावर पदर, तो फोटो बहुतेक कोणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला कारण मागे अर्धा आहेराचा डबा दिसत होता. खाली मोठ्या अक्षरात "भावी जि. प. अध्यक्षा". वहिनींनी ते पाहिलं आणि दादाला म्हणाल्या, अध्यक्षा मी आणि फोटो तुमचा मोठा, मग पदर पण तुम्हीच घ्या. ते बॅनर दुसऱ्या दिवशी उतरलं. नवीन लागलं त्यात दोघांचे फोटो सारखे होते, त्याहून पुढे काही दादा सरकला नाही.

पण "भावी अध्यक्षा" तसंच राह्यलं. मी विचारलं हे कशाला, अध्यक्षपद लोकांच्या हातात थोडीच आहे. त्यावर एका जुन्या कार्यकर्त्याने मला जे समजावलं ते मला आजही पटतं, की ते बॅनर लोकांसाठी नसतंच, ते पक्षाच्या नेत्यांनी गाडीतून जाताना वाचावं म्हणून असतं. बाई नुसती सदस्य व्हायला आलेली नाही, वरच्या रांगेतली आहे, तिकीट देताना लक्षात ठेवा, असा तो निरोप.

निरोप पोचला नाही. तिकीट दुसऱ्या बाईला गेलं. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, ज्याच्या हातात तो उमेदवार, तो फॉर्म अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कुठे आहे हेच कळत नव्हतं, कोणी म्हणे अमळनेरला, कोणी म्हणे जळगावला हॉटेलात, आणि तीन वाजायच्या आत तो तिसऱ्याच गाडीतून तहसीलला पोचला. पक्षाचं नाव घेत नाही, घेऊन पण काय, सगळीकडे हीच तऱ्हा. हे मी भावाला सांगितलं तर तो म्हणे, आमच्याकडे पक्षाचा उमेदवार पण लोकच ठरवतात, मार्च महिन्यात आधी पक्षापक्षातली प्रायमरी होते, तिथे मतं देऊन, आणि मग नोव्हेंबरात खरी निवडणूक. मला सांगा, काउंटी आणि जिल्हा परिषद यांच्यातला सगळ्यात मोठा फरक हाच नाही का? थेट निवडणूक वगैरे नंतरचं. वहिनींच्या तिकिटावर आमच्या गटातल्या त्या पक्षाच्या सभासदांनी जरी मतदान केलं असतं तरी त्या आरामात निघाल्या असत्या. पण विचारलं कोणी नाही.

मग अपक्ष. दादाचं मन नव्हतं, वहिनींचं होतं.

उमेदवारी अर्जाची गंमत ज्यांनी भरलाय त्यांनाच माहीत. अनामत तशी फार नाही, झेडपीला एक हजार, राखीवला पाचशे. (टेक्सासात दोन लाखांवरच्या काउंटीत काउंटी जजच्या प्रायमरीला साडेबाराशे डॉलर फी आहे, ती नको तर ठराविक मतदारांच्या सह्या आणून द्यायच्या. ही सह्यांची सोय मला फार आवडली.) खरी पळापळ कागदांची. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही याचं, घरात शौचालय आहे आणि ते वापरतो याचं, ग्रामपंचायतीची थकबाकी नाही याचं, मालमत्तेचं शपथपत्र, गुन्ह्यांचं शपथपत्र, निवडणुकीसाठी नवीन बँक खातं. त्या वर्षी अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रिंट सही करून द्यायची होती, आणि तालुक्यात सायबर कॅफेवाल्याकडे अशी गर्दी की लग्नाच्या तिथीला आचाऱ्याकडे नसते. त्यात नोव्हेंबरात नोटबंदी झालेली, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी घातलेली, आमच्याकडे शेतकऱ्याचा सगळा व्यवहार तिथेच, त्यामुळे गावात रोख पैसा म्हणून दिसत नव्हता. व्यापारी कापसाचे पैसे चेकने देत होते. निवडणूक लढवायची आणि हातात कॅश नाही. मोठ्या उमेदवारांना ती कुठून मिळत होती कोण जाणे.

मी जळगावला डाळ मिलमध्ये अकाउंट पाहतो, म्हणून खर्चाची वही माझ्या गळ्यात पडली. जळगावला गटांची संख्या ६१ ते ७० च्या मधे म्हणून झेडपी उमेदवाराला तेव्हा खर्चाची मर्यादा पाच लाख होती. रोजचा खर्च लिहायचा, प्रशासनाने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे, चहा काय भावाने, गाडी काय भावाने, मंडप, खुर्ची, ढोल-ताशा, सगळ्याचे दर छापलेले. शेवटी ठरलेल्या मुदतीत सगळा हिशोब सादर करायचा, नाही केला तर अपात्र. अपक्ष म्हणून वहिनींना चिन्ह मिळालं कपबशी. आता कपबशी चिन्ह असलेल्या बाईच्या घरी चहा पिणारा माणूस प्रचारात धरायचा का घरचा पाहुणा धरायचा? मी लिहीत गेलो. वहिनींचं म्हणणं एकच होतं की भाऊ, जे प्यायले तेवढंच लिहा, कमी पण नको जास्त पण नको. आमची वही पाच लाखांच्या आसपास पण गेली नाही, आणि ज्यांनी गावोगाव वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती घातल्या, पुढच्या अंगणात भट्टीवर कढया आणि मागे आणखी कसकसले कार्यक्रम, त्यांच्या वह्या पण पाच लाखांच्या आतच बसल्या. त्यांचा अकाउंटंट माझ्यापेक्षा हुशार असणार. भाऊ सांगतो तिकडे खर्चाला मर्यादाच नाही, पण कोणी किती देणगी दिली ते नावासकट जाहीर करावं लागतं आणि कोणीही घरबसल्या पाहू शकतो. आमच्याकडे मर्यादा आहे आणि नाव नाही.

प्रचारात मी सुट्टीच्या दिवशी सोबत फिरायचो. दादर कणसात आलेली, सकाळी थंडी, दुपारी चटके. वहिनी घरोघर जायच्या, ओट्यावर बसायच्या, बायकांशी बोलायच्या, आणि लोक काय विचारायचे तर पाणी. एका गावात एक म्हातारा खाटेवर बसलेला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मत तं तुमलेच देसूत माय, पन पाणीनं काय?" वहिनींनी पाणीपुरवठ्याची योजना, टाकी, पाइपलाइन कुठे अडकलीय ते नीट सांगितलं, कारण सरपंच असताना त्यांनी ती फाइल स्वतः ढकललेली. म्हातारा म्हणे, "आन् तो अध्यक्ष काय करस?" यावर मात्र वहिनी पण थांबल्या. दुसरा एक उमेदवार असता तर म्हणाला असता अध्यक्ष सगळं करतो, मला निवडून द्या.

तर अध्यक्ष काय करतो. झेडपीला लोक मिनी मंत्रालय म्हणतात आणि एका काळी ते खरंही होतं. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून, आणि त्या समितीचा विचारच असा होता की जिल्ह्याच्या विकासाची कामं लोकनियुक्त माणसांच्या हातात द्यायची. शाळा, दवाखाने, जनावरांचे दवाखाने, अंगणवाड्या, खेड्याचे रस्ते, छोटे बंधारे, पाणीयोजना, सगळं झेडपीकडे. सर्वसाधारण सभा अध्यक्षाच्या अध्यक्षतेखाली, स्थायी समिती त्याच्या अध्यक्षतेखाली, बंगला, गाडी, आणि २०१७ च्या १ मे पर्यंत लाल दिव्यांचा जो काही रुबाब देशभर चालायचा तो. पण अंमलबजावणी सीईओची, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची. तो आयएएस असतो, सरकार नेमतं, सरकार बदलतं, सही त्याची, कर्मचाऱ्यांवर ताबा त्याचा. जिल्हा नियोजन समितीत पैसा वाटला जातो तिथे अध्यक्षाच्या खुर्चीवर पालकमंत्री. कलेक्टरचं तर बोलायलाच नको, तो कोणाच्याच मताने येत नाही.

त्यात होतं नव्हतं ते पण गेलं. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना जायला लागला, झेडपी आणि पंचायत समितीला वगळून, त्यामुळे बऱ्या गावच्या सरपंचाच्या हाती झेडपी सदस्यापेक्षा जास्त निधी आला. नंतर पंधराव्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के या दोघांना असं झालं. मास्तरांच्या बदल्या हा झेडपीतल्या पुढाऱ्यांचा सगळ्यात मोठा दबदबा होता, आमच्या लहानपणी मे महिन्यात अध्यक्षांच्या बंगल्यावर मास्तर लोक रांगेत उभे असायचे म्हणे, तर २०१७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आमची निवडणूक होऊन निकाल लागला त्याच महिन्यात, शासनाने बदल्या ऑनलाइन करायचा जीआर काढला. ते चांगलंच झालं हे माझं मत आहे. पण मग खुर्चीत उरलं काय?

उरलं ते राजकारण. १६ फेब्रुवारीला मतदान झालं, २३ ला मोजणी. वहिनी दुसऱ्या आल्या. अपक्ष म्हणून दुसरं येणं म्हणजे कमी नाही, पण दुसऱ्याला काय मिळतं, कोणी गाडी पाठवत नाही. निवडून आलेल्यांना मात्र गाड्या आल्या. आमच्या बाजूच्या एका गटातल्या सदस्याच्या घरचे लोक सांगायचे की बॅग भरायला पण वेळ दिला नाही. बहुमत काठावर असलं की सदस्य सहलीला जातात. कुठे ते विचारायचं नसतं, फोन बंद असतात, आणि अध्यक्षाच्या निवडीच्या दिवशी बसमधून थेट झेडपीच्या गेटवर उतरतात. निवडणूक हात वर करून असते, व्हीप म्हणजे पक्षाचा आदेश असतो, पक्षाच्या विरोधात हात वर केला तर पक्षांतराच्या १९८६ च्या कायद्याने सदस्यत्व जाऊ शकतं. पण केस कलेक्टरकडे, मग अपील, मग कोर्ट, तोवर अडीच वर्षं संपतात. अध्यक्षाची मुदतच अडीच वर्षांची आहे ना. पहिलं वर्ष सत्कारात, शेवटचे सहा महिने पुढच्या सोडतीची वाट पाहण्यात.

नंदुरबारचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. जानेवारी २०२० ला तिथे ५६ जागांत काँग्रेस २३ आणि भाजप २३, शिवसेना ७ आणि राष्ट्रवादी ३. बरोब्बर बरोबरी. शिवसेना काँग्रेससोबत गेली आणि काँग्रेसच्या सीमा वळवी अध्यक्ष झाल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्यातलं सरकार बदललेलं होतं, तर तिथे भाजपच्या सुप्रिया गावित अध्यक्ष झाल्या, वडील विजयकुमार गावित तेव्हा राज्यात मंत्री. सदस्य बहुतेक तेच, मतदार तेच, मधे सार्वत्रिक निवडणूक नाही. अक्राणी-धडगावच्या डोंगरातल्या माणसाला विचारा की तुझ्या जिल्ह्याचा कारभार कोणाकडे द्यायचा हे तू कधी ठरवलंस. तो म्हणेल, भाऊ, मी तर फक्त आमच्या गटाचं बटन दाबलं होतं.

आणि ते बटन पण कधी कधी वाया जातं. ४ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलेल्या ठिकाणच्या ओबीसी जागा रद्द. त्यात आपले धुळे आणि नंदुरबार दोन्ही होते, सोबत अकोला, वाशिम, नागपूर. निवडून आलेले सदस्य घरी बसले, धुळ्यात १५ आणि नंदुरबारात ११ जागांवर ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक झाली. जिथे आदिवासींची लोकसंख्या जास्त तिथे त्यांचं आरक्षण जास्त असणारच, मग ओबीसीला उरतं किती, हा गुंता आपल्या खान्देशात जेवढा आहे तेवढा पश्चिम महाराष्ट्रात नाही. त्यात दोष ना आदिवासीचा ना ओबीसीचा. पण त्या गुंत्यात निवडणुकाच थांबल्या. जळगाव झेडपीची मुदत मार्च २०२२ ला संपली, सीईओच प्रशासक झाले, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली तरी निवडणूक नाही. म्हणजे आधी अध्यक्ष ३४ जण निवडत होते, मग तर कोणीच नाही. गंमत म्हणजे गावात कोणाला फारसा फरक जाणवला नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. शाळेचं छत गळतंय तर कोणाकडे जायचं, आधी निदान सदस्याच्या ओट्यावर जाऊन शिव्या देता यायच्या.

भाऊ म्हणाला मग थेट निवडणूक का नाही करत, आमच्यासारखी. सरपंचाची करून पाहिलीच आहे. २०१७ ला थेट सरपंच आणला, २०२० ला रद्द केला, २०२२ ला परत आणला. नगराध्यक्षाचं पण असंच वर-खाली. जे सरकार येतं ते आपल्या सोयीने ठरवतं. पण जिल्ह्याला थेट अध्यक्ष हे माझ्या तरी मनाला पटत नाही. जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा आहेत. म्हणजे अध्यक्षाला खासदारापेक्षा मोठा मतदारसंघ पिंजून काढावा लागेल, चाळीसगावपासून रावेरपर्यंत. वहिनींसारखी बाई बचत गटाच्या ओळखीवर ४०-४५ हजार वस्तीच्या एका गटात दुसरी येऊ शकते, जिल्ह्यात ती अनामत पण वाचवू शकणार नाही. तिथे मग फक्त साखर कारखाना, शिक्षणसंस्था नाहीतर मंत्र्याचं घर असलेलाच उभा राहील. आजही तेच होतं म्हणा, पण आज निदान गटात तरी वाट आहे. हॅरिस काउंटीत २७ वर्षांची पोरगी निवडून आली ती तिथे प्रायमरी आहे आणि लोकांनी तेव्हा पक्षाच्या एकाच खुणेवर खालपर्यंत मत दिलं म्हणून, हे भावाने स्वतःच कबूल केलं.

मला वेगळंच हवंय. गटाला उभं राहणाऱ्याने, ज्याच्या बॅनरवर "भावी अध्यक्ष" लिहिलंय त्याने तरी, मतं मागताना सांगावं की अध्यक्ष झालो तर सेस फंडाचं, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नाचं, काय करणार, कुठल्या शाळांना आधी खोल्या देणार, आणि कोणत्या पक्षासोबत हात वर करणार. लिहून द्यावं, बॅनरवरच लिहावं, फोटोंचे गोल कमी करून जागा होते भरपूर. आणि अडीच वर्षांचं पाच करावं. अडीच वर्षांत माणूस फायलींचे रंग ओळखायला शिकतो तेवढ्यात उठावं लागतं. खुर्ची जास्त जणांना मिळावी म्हणून अडीच केलं असेल तर त्यापेक्षा उपाध्यक्षाच्या दोन खुर्च्या वाढवा, पण काम करणाऱ्याला वेळ द्या.

भाऊ म्हणे तू लिही हे सगळं. म्हणून लिहिलं. वहिनींना वाचून दाखवलं तर त्यांना बॅनरचा भाग सोडून काहीच आवडलं नाही, म्हणाल्या यात मी कशी हरले तेवढंच आहे, नंतर त्या म्हाताऱ्याच्या गावच्या टाकीचं काम मीच मागे लागून करून घेतलं ते कुठेय. ते खरंय, टाकी झाली, सदस्य नसताना झाली, पंचायत समितीत खेटे घालून-घालून. पुन्हा उभ्या राहणार का विचारलं तर म्हणे आधी सोडत निघू द्या, गट तर नव्याने पाडलेत, आपलं गाव कुठे गेलंय ते पाहा. आणि चहाचा हिशोब या वेळी दादाकडे द्या, सगळ्यात जास्त तेच पितात.